पल्याडचा हिरवा

येवल्यातल्या रंगाऱ्याला विचारा, हिरवे किती? तो बोटांवर मोजायला लागेल. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, मेंदी, कैरी, बाटली. रंगाचंच काम करणाऱ्या हेमलताच्या मते ह्यांहून एक जास्त होता आणि त्याला नाव नव्हतं. नाव पडायचं तर तो रंग बघणारी निदान दोन माणसं तरी हवीत ना! दुसरं माणूस बत्तीस वर्षांपूर्वी वारलं होतं.

ते माणूस म्हणजे गोदाआत्या, हेमलताच्या वडिलांची, अण्णांची, बहीण. बाईनं लग्न केलं नाही. सारा जन्म रंगाच्या हंड्यांशी काढला, कोपरापर्यंत हात सदा रंगलेले. तिच्याकडे हिरव्याचे दोन हंडे असत. एकात नीळ आणि डाळिंबाची साल, दुसऱ्यात विलायती रंगाची पुडी. दोन्हींतल्या रेशमाच्या लडी उन्हात शेजारीशेजारी टांगल्या की अख्खी गल्ली म्हणायची, एकच रंग. व्यापारी म्हणायचे, एकच. हल्ली तर रंग जुळवणारे चष्मे निघालेत, तेही म्हणतात, शंभर टक्के जुळतो. पण आत्याला आणि हेमलताला त्या दोन लडी साफ वेगळ्या दिसत. एक साधी हिरवी. दुसरीला आत्या म्हणायची, "हा पल्याडचा."

त्या घरात एक रीत होती. खंडेनवमीला मागाची पूजा झाली की पाच वर्षांच्या पोरीला पाटावर बसवायचं, पुढ्यात पाच लडी टाकायच्या, चार एका हंड्यातल्या नि एक दुसऱ्यातली, आणि विचारायचं, "ह्यात परकी कोण गं?" बाकीच्या पोरी वाटेल तिथं बोट ठेवायच्या. हेमलताचा हात सरळ गेला. आत्यानं तिला उचलून छातीशी धरलं आणि स्वतःच रडायला लागली. "आली गं बाई, मला सोबत आली!"

मुलग्यांना कुणी विचारत नसे. कशाला विचारायचं? त्या घरातल्या पुरुषांना पिकली मिरची आणि हिरवी मिरची एकच. अण्णा बाजारातून कच्चे टोमॅटो घेऊन यायचे आणि घरादाराची हसून मुरकुंडी वळायची.

आत्यानं स्वतःसाठी एक लुगडं विणलं होतं. दोन वर्षं मागाशी बसली आणि विणलं काय, तर हिरवागार कोरा पदर! ना मोर, ना पोपट, ना एखादी बुट्टी. बायकांनी नाकं मुरडली. हेमलताला मात्र त्या पदरावर एक वेल दिसायचा. साध्या हिरव्यावर पल्याडच्या हिरव्याचा वेल, खालच्या कोपऱ्यातून निघून वळसे घेत पार वरच्या काठापर्यंत चढलेला. आत्या गेल्यावर अण्णा दुपारी ते लुगडं काढून मांडीवर घेऊन बसत. बहिणीवर फार जीव, लोक म्हणायचे. अण्णांच्या मागं ते हेमलताच्या ट्रंकेत आलं.

आत्या गेली तेव्हापासून हेमलता एकटी. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात, कासाराच्या दुकानातल्या एखाद्याच बांगडीत, टाकीच्या शेवाळात तो रंग अचानक समोर यायचा. "बघितलंस?" म्हणून ती वळायची आणि शेजारी कुणी नसायचं. लग्नानंतर एकदा नवऱ्याला सांगून पाहिलं. तो बिचारा गुणाचा माणूस, म्हणाला, "डोळे तपासून घे बरं एकदा." मग तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. नवराही गेला. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी मागं वळून बघायची खोड काही सुटली नव्हती.

अशात नाशकाहून मुलाचा फोन आला. शर्विल तिथं शाळेत गणित शिकवायचा.

"आई, ऋतुजाला चौथा महिना लागतोय. सगळं छान आहे. फक्त एका दुरुस्तीसाठी तुझं रक्त लागणार आहे."

"कसली दुरुस्ती रे?"

"माझंच ते. डोळ्यांचं."

मुलगा की मुलगी हे सांगायला अजूनही बंदी होती. पण बापाचा हा दोष उतरतो तो मुलीतच, हे सरकारनं पत्रकात छापून घरोघरी वाटलेलं. म्हणजे नात! हेमलता फोन हातात धरून हंड्यापाशी तशीच उभी राहिली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

*

दुरुस्ती म्हणजे 'निर्मळ' योजना. बारा आठवड्यांनंतर पोटातल्या बाळाची जनुकं वाचायची आणि यादीतला दोष सापडला की एका सुईनं तो नीट करायचा. यादीत पहिल्यांदा अकरा आजार होते. आता दोनशे चौदा झाले होते.

नाशिकच्या त्या दवाखान्यात डॉ. फर्झाना अत्तार होत्या, पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी हेमलताला एका नळीतून बघायला लावलं. एका बाजूला पिवळा उजेड, दुसऱ्या बाजूला तांबडा आणि हिरवा मिसळून केलेला पिवळा. बटण फिरवून दोन्ही सारखे करायचे. शर्विलनं मघाशी ते केलं होतं, थोडं चुकीचं, पण केलं होतं. हेमलतानं पाऊण तास बटण फिरवलं.

"नाही हो जुळत," ती शेवटी कंटाळून म्हणाली. "हा पिवळा साधा आहे. ह्याच्यात आणखी काहीतरी आहे."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "हेमलताताई, बावीस वर्षं मी ही तपासणी करतेय. न जुळणारा डोळा आज पहिल्यांदा बघितला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, तिघींनी मिळून सांगितलं की मेंदूला रंग कळतो. त्यांतल्या दोघींची जनुकं ज्या गुणसूत्रावर असतात, तशी बाईकडे दोन असतात, पुरुषाकडे एकच. अण्णांच्या त्या गुणसूत्रात एक जनुक जरासं सरकलेलं होतं. म्हणून त्यांच्या हिरव्या-तांबड्याची गल्लत व्हायची. तेच हेमलताकडे आलं. पण तिच्याकडे आईचं सरळ गुणसूत्रही होतं, त्यामुळे तिच्या डोळ्यात नेहमीच्या तीन पेशी होत्या आणि वर ही सरकलेली चौथी.

"बऱ्याच बायकांत ती नुसती असते, मेंदू तिचं ऐकत नाही. तुमचा ऐकतो. लहानपणापासून रंगांत वावरलात म्हणूनही असेल."

"आणि शर्विल?"

"त्याला तुमच्याकडून तेच एक मिळालं. जनुक एकच. तुमच्यात ती भर झाली, त्याच्यात तूट. निदान आम्ही तूट म्हणतो. खरं सांगायचं तर अशा पुरुषांना काय दिसत नाही तेवढंच आमच्या चाचण्या विचारतात."

पोराचं दुखणं आणि आपलं सुख, दोन्ही एकाच लडीतलं! इतकी वर्षं तिला कुणी हे सांगितलं नव्हतं.

"मग नातीला दिसेल? मला दिसतं ते?"

"दिसू शकेल. तुम्ही शिकवलंत तर बहुधा दिसेलच."

"आणि तुम्ही ते काढून टाकणार."

"दुरुस्त करणार," डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या. "ताई, एक सांगते. फार पूर्वी आपल्या माकड पूर्वजांना दोनच पेशी होत्या. एका जनुकाची चुकून दुसरी प्रत निघाली, तीही पुढं जराशी सरकली आणि पानांत लपलेलं पिकलं फळ कुणा एकीला दिसायला लागलं. तांबडा रंग तिथून आपल्या वाट्याला आला. त्या वेळी माकडांत माझ्यासारखी डॉक्टर असती आणि तिच्या हातात अशी यादी असती, तर तिनं ती चूक लगेच सुधारली असती."

"म्हणजे तुमची औषधं माणसाला पुढं जाऊ देत नाहीत म्हणा की."

"इतकं सरळ नाही ते. पूर्वी निसर्ग निवड करायचा, पण कशी? पोरं मारून. ते मला परत नकोय. पण सगळ्यांना एकाच नमुन्यावर आणून ठेवलं, तर पुढं निवडायला उरणार काय, हेही मला कळत नाही. यादी लांबवताना हे कुणी विचारलं नाही. मीही नाही."

ऋतुजा बाहेर बाकावर बसली होती, तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि सासूचा हात धरून म्हणाली, "आई, माझा भाऊ अकराव्या वर्षी गेला. दर पंधरा दिवसांनी रक्त चढवायचे त्याला. त्याचा आजार ह्या यादीत पहिला आहे. मी त्या यादीच्या पाया पडते. तिच्यावर शंका नाही घेता येत मला."

तांबड्या आणि हिरव्या पेशींची ती दोन जनुकं इतकी सारखी आणि इतकी शेजारी होती, की चुकीच्या जागी काप बसू नये म्हणून सरळ आणि सरकलेलं दोन्ही असणाऱ्या आधीच्या पिढीचा, म्हणजे हेमलताचा, नमुना हवाच होता. सोळावा आठवडा संपायच्या आत रक्त दिलं तर दुरुस्ती होणार, नाही तर नाही. "चार दिवस द्या मला," एवढं म्हणून तिनं परतीची बस धरली.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्विल येवल्यात हजर. आईनं चहा केला तो त्यानं घेतला नाही.

"तू रक्त द्यायचं टाळतेयस."

"टाळत नाही रे. बस तर खरा." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. आत्या, दोन हंडे, पल्याडचा, बत्तीस वर्षं. आयुष्यात पहिल्यांदा असं सगळं सांगत होती, शब्द अडखळत होते. "मला वाटलं, ती येईल आणि मला पुन्हा सोबत होईल. एवढंच वाटलं बघ."

तो म्हणाला, "आई, मला रेल्वे चालवायची होती. आठवतं? लेखी परीक्षेत राज्यात सातवा आलो. मग त्यांनी ठिपक्यांचं चित्र पुढं धरलं, ह्यात आकडा कोणता? मला ठिपकेच दिसत होते. मागं रांगेतली पोरं हसली."

"आठवतं रे."

"आणि त्याच्या आधीचं? मी नऊ वर्षांचा होतो. लग्नाच्या पैठणीच्या लडी निवडायला तू मला बसवलंस. मी विटकरी आणि पानाचा हिरवा एकत्र केला. चार कारागिरांसमोर तू म्हणालीस, आंधळा आहेस का रे? गल्लीत दहावीपर्यंत तेच नाव होतं माझं."

हेमलताला आठवत होतं. अगदी लख्ख. मुहूर्त जवळ आलेला, डोकं तापलेलं. पोरानं तीन ढीग लावले होते. एका ढिगात विटकरी दिसला आणि तिचा तोल सुटला. दोन्ही हातांनी तिनं सगळे ढीग एकात एक कालवून टाकले होते. तो त्यानंतर रंगाच्या खोलीत पाय ठेवायला आला नव्हता.

"माझ्या मुलीला मुलगा झाला आणि त्याला कुणी तसं म्हटलं तर? तिला तुझा रंग मिळेल, मान्य. पण पुढं त्याची भरपाई कुणी करायची? मी केली तशी?"

तिचा जीव अर्धा झाला. ट्रंकेची किल्ली पदराला होती. काढून दाखवावं ते लुगडं, निदान किती सुंदर गोष्ट जातेय ते त्याला कळू दे, असं तिच्या मनात आलं. किल्ली हातात घेतलीसुद्धा. पण ज्याला पिकली मिरची कळत नाही त्याच्यापुढं तो पदर पसरायचा? जखमेवर मीठ चोळल्यासारखंच ते. तिनं किल्ली परत खोचली.

"चुकलं माझं त्या दिवशी," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली, मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते. चुकलं रे, बाळा."

शर्विलचा चेहरा पार बदलला. तो लहान मुलासारखा तिच्या खांद्याला टेकला. आणि दुपारच्या बसनं दोघं नाशकाला गेले. सुई टोचताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

*

दुरुस्ती नीट झाली. मुलगी झाली, सात पौंडांची, गोरीपान, डोळे टपोरे. सगळे अहवाल निर्मळ. हेमलतानं देवापुढं साखर ठेवली आणि ती आनंदात होतीही. खोटं कशाला बोला, नात मांडीवर घेतली की बाकी सगळं विसरायला होई. फक्त बाळ टक लावून कुठं बघायला लागलं की तिच्या काळजात कळ उठायची.

बारशाच्या आधी तिनं एक केलं. ट्रंकेतून आत्याचं लुगडं काढलं, पदर अख्खा कापून घेतला आणि आतून जुनी मऊ साडी लावून त्याचं दुपटं शिवलं. दिसणार नाही तर नाही, निदान पोरीच्या अंगाखाली तरी असू दे, असं तिच्या मनात होतं. दोन रात्री नीट झोप नव्हती, रडून डोळे चुरचुरत होते. त्या गडबडीत बारशाच्या दिवशी पाळण्यात ते कसं अंथरलं गेलं, तिनं पाहिलंही नाही.

नाशकातलं दोन खोल्यांचं घर बायकांनी भरून गेलं. ऋतुजाची मावशी पाळण्यात डोकावून म्हणाली, "अगंबाई, पैठणीचं दुपटं! पण कोरंच कसं? एखादी बुट्टी तरी असायची."

"जुनं आहे," हेमलता म्हणाली. "साधंच आहे."

शर्विल मुलीला घेऊन आला. तिला ठेवायला वाकला आणि थबकला.

"आई, उलटं अंथरलंयस," तो सहज म्हणाला. "वेल खाली डोकं करून आलाय."

हेमलताला वाटलं, आपल्याला भास झाला. "काय म्हणालास?"

"वेल गं. अण्णांचं ते लुगडं ना हे? मी त्यांच्या मांडीवर बसून ह्याची पानं मोजायचो. मला नीट कळायला लागायच्या आत ते गेले, पण एवढं आठवतं." त्यानं एका हातानं मुलीला सावरत दुसऱ्या हाताचं बोट दुपट्यावर ठेवलं आणि फिरवत नेलं, वळसा, मग उलटा वळसा, कुठंही न चुकता. "अशी अशी जातात बघ. माझी एकशे सदतीस व्हायची. अण्णा म्हणायचे, एकशे अडतीस. भांडायचो आम्ही."

म्हणजे अण्णा! बहिणीच्या आठवणीनं नव्हते बसत, वेल बघत बसत होते. आणि हा. ह्याच्या डोळ्यातली सरकलेली पेशी म्हणजे तिच्या डोळ्यातली चौथीच. लोकांना जे दोन रंग एक दिसतात, ते ह्याला दोन दिसणारच होते! त्या दिवशीचे तीन ढीग तिच्या डोळ्यांपुढं आले. विटकरी आणि हिरवा एकत्र झालेला ढीग तिनं बघितला होता. शेजारचा ढीग नुसत्या पल्याडच्या हिरव्याचा होता, एकही लड परकी नव्हती त्यात. नऊ वर्षांच्या पोरानं तो निवडला होता, आणि तिनं स्वतःच्या हातांनी कालवला होता.

कुणी विचारलंच नाही ह्याला. मुलग्यांना विचारायची रीत नव्हती.

"तुला दिसतो," ती म्हणाली. "शर्विल, तुला दिसतो."

"सगळ्यांनाच दिसतो ना?" त्यानं बायकांकडे बघितलं. मावशी कोऱ्या पदराकडे बघत होती. ऋतुजा म्हणाली, "कसला वेल? साधं हिरवं तर आहे." शर्विलनं आईकडे बघितलं. येवल्यात तिनं सांगितलेलं सगळं त्याला आता कळलं असावं.

"हा? पल्याडचा म्हणजे हा?"

तिनं नुसती मान हलवली. इतकी वर्षं ती मागं वळून ज्याला शोधत होती, तो तिच्याच घरात, तिच्याच मांडीवर वाढला होता. तिला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं आणि त्याला घट्ट धरावंसंही वाटत होतं.

शर्विलनं हातातल्या मुलीकडे बघितलं. ती दिव्यांच्या माळेकडे टक लावून बघत होती.

"आणि हिला?"

"हिला साधा हिरवा दिसेल," हेमलता म्हणाली. "आणि पिकली मिरची कळेल."

शर्विलच्या डोळ्यांतलं पाणी मुलीच्या झबल्यावर पडलं. मग हेमलतानं पाळण्यातलं दुपटं काढलं, झटकलं, फिरवलं आणि वेलाचा बुंधा पायाशी येईल असं नीट अंथरलं. त्यानं मुलीला वर ठेवलं.

"अण्णांचं बरोबर होतं," ती हळूच म्हणाली. "एकशे अडतीसच आहेत. शेवटचं पान काठाच्या जरीत शिरलंय, अर्धंच दिसतं."

"कुठं?"

"वर, उजव्या हाताला."

त्यानं वाकून बघितलं आणि रडतारडता हसला. "आहे की!"

"अहो, नाव ठेवायचंय, मुहूर्त टळेल," ऋतुजा म्हणाली, पण ती जागची हलली नाही. साध्या हिरव्या कापडावर ही दोघं काय बघताहेत ते तिला कळत नव्हतं, आणि कळावंसं वाटत होतं.

शर्विलनं मुलीचं इवलंसं बोट आपल्या चिमटीत धरलं आणि बुंध्याजवळच्या पहिल्या पानावर टेकवलं.

"एक," तो म्हणाला.

"दोन," हेमलता म्हणाली.